केळीच्या खोक्यावरची सिक्स-स्टेप: खान्देशात राहून ब्रेकिंग कसं शिकायचं

मी ब्रेकिंग शिकायला लागले तेव्हा शिकवणारं कुणी नव्हतं, आरसा नव्हता आणि फरशी होती ती भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधली, जागोजागी उखडलेली. पहिले चार महिने मी उलट्या टोकाकडून शिकत होते. मोबाईलवर दिसायचं काय, तर डोक्यावर गरागरा फिरणारी पोरं. म्हणून मीही उशी घेऊन डोक्यावर. त्यातून एक सुजलेलं मनगट मिळालं आणि मान आठवडाभर अशी धरली की रस्ता ओलांडताना अख्खं अंग वळवावं लागायचं. पुढे जळगावला दोन मुलं भेटली. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "टॉपरॉक दाखव." मला तो शब्दच माहीत नव्हता.

तुमचे ते चार महिने वाचावेत म्हणून हे लिहिते आहे. धुळ्यात असा, चाळीसगावात असा की शहाद्यात, क्लास नसला तरी पहिले सहा महिने अडत नाही.

नावाचा घोळ आधी मिटवू. "ब्रेकडान्स" हा शब्द टीव्ही-वर्तमानपत्रांनी रूढ केला. नाचणारे याला ब्रेकिंग म्हणतात, नाचणाऱ्याला बी-बॉय आणि नाचणारीला बी-गर्ल. लग्नात मामा "तो करंटवाला डान्स कर ना" म्हणतात, ते हे नव्हे. हातातून लाट सोडणं, रोबोटसारखं झटके देणं ही पॉपिंगच्या घरातली मंडळी. ती कॅलिफोर्नियातून आली. ब्रेकिंग न्यूयॉर्कचं.

१. पहिला आठवडा नुसतं ऐका

हो, नाचायचं नाही. ब्रेक म्हणजे काय ते कानाला कळेपर्यंत पाय हलवून उपयोग नाही.

११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीच्या सामाईक खोलीत एक पार्टी झाली. सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीला शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घ्यायला पैसे हवे होते. मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट असं तिकीट लावलं. रेकॉर्ड वाजवायला तिचा भाऊ क्लाइव्ह, वय १८, जन्म जमैकातल्या किंग्स्टनचा. जग त्याला डीजे कूल हर्क म्हणून ओळखतं. त्याच्या एक गोष्ट लक्षात आली होती. गाणं चालू असताना लोक इकडेतिकडे डुलत असतात. पण गायक थांबतो, बाकीची वाद्यं गप्प होतात आणि नुसता ड्रम उरतो, त्या काही सेकंदांची लोक वाट बघत असतात. तो तुकडा म्हणजे ब्रेक. हर्कने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर (रेकॉर्ड वाजवायच्या तबकड्यांवर) ठेवून तोच तुकडा आळीपाळीने लावायची युक्ती काढली. काही सेकंदांचा ब्रेक हवा तेवढा लांबला आणि त्यावर उतरणारे ते ब्रेक बॉय, ब्रेक गर्ल.

आता आपल्याकडची वरात आठवा. बँडवाला अहिराणी गाणं वाजवत असतो, पोरं हात वर करून कसंबसं नाचत असतात. मधेच गाणं थांबतं, नुसता ढोल-ताशा कडाडतो आणि गल्ली पेटते. जो तो रिंगणात शिरतो, कुणी जमिनीवर लोळून नागीण होतो, नवरदेवाचा घोडा बिचकतो. ब्रेक तुम्हाला माहीत आहे. फक्त त्याला नाव नव्हतं.

तर पहिला आठवडा हेच करा. सत्तरच्या दशकातलं कुठलंही फंक, म्हणजे ठेक्यावर चालणारं अमेरिकन नाचाचं संगीत, लावा (गायक जेम्स ब्राऊनपासून सुरुवात केली तर चूक होत नाही) आणि १ ते ८ मोजा. १ आणि ३ वर जाड "धम्", २ आणि ४ वर कोरडा "टाक". भांडी घासताना, गाडी पुसताना मोजा. मधेच कुठूनही गाणं सुरू केलं तरी "टाक" कुठे आहे हे दोन सेकंदांत सापडायला लागलं की पुढे जा.

इतिहास इथेच उरकते. या नाचात सुरुवातीला कृष्णवर्णीय मुलं होती. सत्तरचं दशक संपत आलं तेव्हा तो पोर्तो रिकन मुलांनी जोमाने धरून ठेवला आणि जमिनीवरचं कसब वाढवलं. रॉक स्टेडी क्रू हा नाचणाऱ्यांचा गट १९७७ चा. १९८३-८४ च्या हॉलिवूड सिनेमांनी तो जगभर नेला. १९९० पासून जर्मनीत 'बॅटल ऑफ द इयर' ही स्पर्धा सुरू झाली. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ब्रेकिंग पहिल्यांदा होतं. मुलींमध्ये जपानची अमी आणि मुलांमध्ये कॅनडाचा फिल विझार्ड जिंकला. २०२८ च्या लॉस एंजेलिसमध्ये ते नाही. हे कळल्यावर माझ्या काकू म्हणाल्या, "मग शिकून काय उपयोग?" काकूंनी भरतकाम कुठल्या ऑलिम्पिकसाठी केलं, हे मी विचारलं नाही.

२. सामान

- सपाट तळाचे कॅनव्हासचे बूट. रनिंगचे जाड, उंच टाचेचे नकोत, पाय मुरगळतो.
- ढिली पण घोट्याशी आवळलेली ट्रॅक पँट. जीन्समध्ये मांडी वळत नाही.
- लांब बाह्यांचा जुना टी-शर्ट, आत खोचता येईल असा. मुलींनी आत स्लीव्हलेस बनियन किंवा स्पोर्ट्स ब्रा घालून वरचा टी-शर्ट पँटमध्ये खोचावा. मग उलटं होताना कपड्याकडे लक्ष जात नाही, नाचाकडे राहतं.
- नी-पॅड. व्हॉलीबॉलवाले वापरतात तेच, खेळाच्या दुकानात मिळतात.
- डोक्यावर विणलेली टोपी. केस लांब असतील तर वेणी मानेच्या खाली. अंबाड्यावर डोकं टेकलं की मान वाकडी पडते.
- खडू, चिकटपट्टी, पाण्याची बाटली, एक फडकं.
- पुठ्ठा.

पुठ्ठ्याबद्दल जरा सविस्तर. ब्रॉन्क्सची मुलं फुटपाथवर खोकी उलगडून त्यावर नाचायची, कारण सिमेंटवर कातडी सोलते. आपल्याकडे पुठ्ठ्याला तोटा नाही. रावेर, सावदा, यावलकडे केळी परदेशी पाठवायची खोकी असतात. पॅकिंगच्या शेडवर फाटकी, रद्द झालेली मागितली की सहसा देतात. मी पहिला पुठ्ठा तसाच आणला. पण त्या खोक्यांना हवेसाठी भोकं असतात, त्यात बुटाचं टोक अडकतं. म्हणून ती दुहेरी लावा, वरच्याची भोकं खालच्यावर येऊ देऊ नका आणि सांधे खालून चिकटवा. वरून चिकटपट्टी लावली की ती तळव्याला ओढते. याहून चांगला पुठ्ठा म्हणजे फ्रीजचा किंवा कूलरचा. मार्च-एप्रिलमध्ये इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानदाराला आधीच सांगून ठेवा; खान्देशात त्या दिवसांत कूलर किती खपतात ते सांगायला नको. सहा फूट बाय सहा फूट पुरतो.

३. जागा

गुळगुळीत कोटा फरशी सगळ्यात चांगली. शहाबादी खडबडीत असते, तिच्यावर पुठ्ठा हवाच. संगमरवर आणि चकचकीत टाइल्स दिसायला छान, पण धूळ बसली की पाय निसटतो. आधी ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या, मगच. गच्चीच्या कोब्यावर बूट महिन्यात झिजतात.

जागा मागताना "डान्स करायचा आहे" म्हणू नका, "व्यायाम करायचा आहे, आवाज मोठा करणार नाही" म्हणा. मला एका मंगल कार्यालयाच्या ओट्यावर लग्न नसलेल्या दिवशी परवानगी मिळाली ती याच वाक्यावर. मंदिराच्या सभामंडपात मात्र बूट घालता येत नाहीत आणि अनवाणी फुटवर्कने (जमिनीवरच्या पायांच्या चालींनी) बोटं सोलतात, म्हणून तो नाद सोडा. मुली एकट्या असाल तर सकाळी, जिथे फिरायला येणारी माणसं असतात अशी जागा बघा. जळगावात मेहरूण तलावाच्या बाजूला पहाटे बरीच वर्दळ असते. पहिले काही दिवस लोक थांबून बघतात. एक आजी रोज थांबायच्या. एकदा न राहवून म्हणाल्या, "हाऊ काय खेय शे वं?" मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या नातीला घेऊन आल्या.

उन्हाळ्याचं वेगळं सांगते. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो आणि गच्चीचा स्लॅब रात्री दहालाही तव्यासारखा असतो. मार्च ते जून पहाटे साडेपाच ते सात, एवढाच सराव. डोकं दुखायला लागलं, घाम येणं थांबलं, मळमळलं, तर लगेच थांबून सावलीत जायचं आणि अंग गार करायचं. उरलेला सराव उद्या.

४. मनगटं

हा भाग सगळे गाळतात. मीही गाळला होता, म्हणून सुजले. या नाचात मनगटावर तेवढाच भार येतो जेवढा एरवी घोट्यावर येतो, आणि मनगटाला त्याची सवय नसते. रोज दहा मिनिटं: गुडघे टेकून तळवे जमिनीवर ठेवा आणि पुढे-मागे झुला. बोटं आपल्याकडे वळवून तेच करा. मग तळहाताची मागची बाजू टेकवून, अगदी हलक्या भाराने. शेवटी मुठी वळून गोल फिरवा. त्यानंतर खांदे, मान, कंबर, घोटे. अंग गरम झाल्याशिवाय खाली उतरू नका. झुलताना मनगटात टोचल्यासारखं दुखलं तर त्या दिवशी फक्त उभ्याने नाचायचं.

५. टॉपरॉक: उभ्याने

रिंगणात शिरल्यावर पहिले काही सेकंद जे उभ्याने नाचतात ते टॉपरॉक. माणूस कसा आहे ते इथे कळतं. नुसत्या टॉपरॉकवर समोरच्याला गार करणारे लोक मी बघितले आहेत, आणि डोक्यावर वीस फेरे घेऊन कुणाच्या लक्षात न राहिलेलेही.

सुरुवात क्रॉस स्टेपने करा. काही जुने लोक तिला 'इंडियन स्टेप' म्हणतात. त्यात आपलं भारतीय असं काही नाही, हुरळून जाऊ नका.

दोन पायांत खांद्याइतकं अंतर, गुडघे सैल. १ वर उजवा पाय डाव्याच्या समोरून तिरका पुढे टाका. त्याच वेळी छाती उघडा, दोन्ही हात बाजूला फाकवा. २ वर उजवा पाय परत जागेवर, हात छातीशी. ३ वर डावा पाय उजव्याच्या समोरून, ४ वर परत. पाय परत येताना दुसऱ्या पायावर छोटीशी उसळी येते. ती मुद्दाम मारायची नसते, गुडघे सैल असले की आपोआप येते.

चूक इथे एकच होते: लोक पाय बघतात. समोर बघा. आणि प्रत्येक पाऊल "टाक"वर किंवा "धम्"वर पडतंय का, हे मोबाईल भिंतीला टेकवून चित्रण करून तपासा. आरशापेक्षा हे बरं, आरशात आपण स्वतःला माफ करतो.

दोन आठवडे. कंटाळा येईल. येऊ द्या.

६. खाली जाणं

उभ्याचं जमिनीवर येणं हीही एक चाल आहे, पडणं नव्हे. साधी रीत: उजवा पाय डाव्याच्या मागे आडवा न्या, गुडघे वाकवत उकिडवे व्हा, उजवा तळवा मागे टेकवा आणि पाय समोर सोडवा. गुडघा आपटत खाली जायच्या झोकदार चाली दिसतील. त्यात खरं तर गुडघा आपटत नाही, नडगी आणि पायाची बाजू आधी टेकते. ते शिकवणारं समोर कुणी असेल तेव्हाच करा.

७. सिक्स-स्टेप

हे जमलं की तुम्ही ब्रेकिंग करता असं म्हणायला हरकत नाही. हातांभोवती पायांनी गोल घ्यायचा, सहा पावलांत. मला पाच आठवडे लागले. पुठ्ठ्यावर खडूने पावलांचे आकडे लिहिले होते, तुम्हीही लिहा.

सुरुवात: दंड मारायला बसतो तशी स्थिती. दोन्ही तळवे खाली, पाय मागे लांब आणि फाकलेले.

१: उजवा पाय पोटाखालून डावीकडे पुढे आणा. डावा हात उचला, भार उजव्या हातावर. कंबर डावीकडे वळेल, वळू द्या.

२: डावा पाय पुढे घेऊन उजव्या गुडघ्याच्या मागच्या खोबणीत अडकवा. तुम्ही आता एका हातावर उकिडवे आहात.

३: उजवा पाय सोडवून उजवीकडे टाका. आता छाती वर, पाय समोर, हात मागे, खेकड्यासारखे. इथे हात बदलतो: भार उजव्यावरून डाव्यावर.

४: डावा पाय उजव्याच्या समोरून आडवा आणा, म्हणजे उजवा पाय डाव्या गुडघ्याच्या मागे येतो. ही २ चीच उलटी आकृती. उजवा हात हवेत.

५: उजवा पाय मागे लांब सोडा. ही १ ची उलटी आकृती.

६: डावाही मागे. दोन्ही हात खाली. आलात परत दंडाच्या स्थितीत.

पाय आलटून पालटून चालतो: उजवा, डावा, उजवा, डावा, उजवा, डावा. एकच पाय लागोपाठ दोनदा हलला तर मागे कुठेतरी चुकलं, तिथेच थांबून शोधा. पहिला आठवडा संगीत न लावता, तोंडाने आकडे म्हणत. घरच्यांना वाटेल पाढे चालले आहेत.

तीन गोष्टी सगळ्यांच्या चुकतात. टाच टेकते, चवड्यावरच राहायचं. नितंब जमिनीला लागतात. ते उचललेलेच हवेत, नाहीतर ३ वरून ४ वर जाताना तुम्ही पुठ्ठ्यासकट सरकता. आणि मोकळा हात लोंबकळतो. तो छातीसमोर सावध ठेवा. जमलं की लगेच उलट्या दिशेनेही शिका. मी ते टाळलं आणि दोन वर्षं एकाच अंगाने नाचत राहिले. अजूनही डावीकडचा माझा गोल अंड्यासारखा पडतो.

८. फ्रीझ

नाचता नाचता एका ठोक्यावर दगड व्हायचं, ते फ्रीझ. पहिलं बेबी फ्रीझ. उजवं कोपर दुमडून पोटाच्या बाजूला, कमरेच्या हाडाच्या जरा वर रोवा. तळवा जमिनीवर, बोटं बाहेरच्या दिशेला. डावा तळवा समोर टेकवा. डोक्याची बाजू (टाळू नव्हे) जमिनीला हलकेच लावा. दोन तळवे आणि डोकं असा त्रिकोण झाला पाहिजे; एका रेषेत आलं की कलंडता. आता भार कोपरावर घेत पाय उचला आणि एक गुडघा डाव्या कोपरावर टेकवा. श्वास रोखू नका. दोन ठोके टिकलं की पुष्कळ.

डोक्यावर भार टाकायचा नाही, ते फक्त तिसरं टेकण. मानेत कळ आली तर कोपर नीट रोवलेलं नाही.

विंडमिल, फ्लेअर, हेडस्पिन या पॉवरमूव्ह्जना, म्हणजे अख्खं अंग गरागरा फिरवायच्या चालींना, पहिल्या सहा महिन्यांत हात लावू नका. मॅट नाही, धरणारं कुणी नाही आणि मान एकच आहे.

९. राउंड, सायफर आणि शिष्टाचार

टॉपरॉक, खाली जाणं, दोन-तीन सिक्स-स्टेप, फ्रीझ, उठणं. झाला राउंड. तीस-चाळीस सेकंद पुरतात. सुरुवातीला प्रत्येक राउंड असाच बांधा.

गोल करून एकेकाने आत येऊन नाचायचं, त्याला सायफर म्हणतात. नियम कुठे लिहिलेले नसतात, पण मोडले की लगेच कळतं. आतला बाहेर पडल्याशिवाय शिरू नका. समोरच्याला अंगाला हात लावू नका. बॅटलमध्ये, म्हणजे समोरासमोरच्या नाचाच्या सामन्यात, हातवारे करून डिवचणं चालतं, स्पर्श नाही. दुसऱ्याची खास चाल जशीच्या तशी उचलणं याला 'बाइटिंग' म्हणतात आणि ते फार वाईट समजतात. सिक्स-स्टेप सगळ्यांची आहे, ती करा. पण कुणी तिच्यात स्वतःचं वळण घातलं असेल तर ते त्याचं. पॅरिसमध्ये परीक्षक पाच गोष्टी बघत होते: तंत्र, चालींचा साठा, सफाई, संगीताशी नातं आणि स्वतःचं वेगळेपण.

सोबतीला माणूस शोधताना एक अनुभव. एका क्लासने माझ्याकडून तीन महिन्यांची फी आधी घेतली आणि शिकवलं काय, तर गॅदरिंगचा बसवलेला नाच, ज्यात शेवटी एकाने कोलांटी मारायची. पैसे देण्याआधी एक दिवस बसून बघा. शिकवणारा टॉपरॉक शिकवतो का आणि मनगटं गरम करायला लावतो का, एवढं पुरे.

१०. पहिली स्पर्धा

बहुतेक मोठ्या बॅटल मुंबई-पुण्याला. तिथे जिंकायला नको, बघायला आणि सायफरमध्ये उतरायला जा. भुसावळ-जळगावहून रात्रीची गाडी सोयीची. धुळे-नंदुरबारकरांनी एसटीचा हिशोब करताना परतीची शेवटची गाडी आधी बघावी, कारण बॅटल वेळेवर संपत नाही. बरोबर ठेवा:

- आधार कार्ड आणि त्याची झेरॉक्स
- वयाच्या गटात उतरणार असाल तर जन्मतारखेचा दाखला
- १८ पेक्षा लहान असाल तर आईवडिलांचं सहीचं संमतीपत्र आणि त्यांचा फोन नंबर कागदावर. मोबाईलची बॅटरी मेली की पाठ असलेला नंबरही आठवत नाही
- नोंदणीची पावती किंवा तिचा स्क्रीनशॉट
- नी-पॅड, दुसरा टी-शर्ट, क्रेप बँडेज, ग्लुकोज किंवा लिंबू-साखर-मीठ
- दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. मसालेदार शेवभाजी परतीच्या प्रवासात खा. पोटात शेव घेऊन बेबी फ्रीझ होत नाही, हे मी करून बघितलं आहे.

जाताना पुठ्ठा नेऊ नका, तिथे फ्लोअर असतो. घरी ठेवताना तो भिंतीला टेकवून उभा ठेवा, गादीखाली नको, घड्या पडतात. जूनचा पहिला पाऊस आला की त्याला बुरशीचा वास यायला लागतो. तेव्हा सरळ रद्दीवाल्याला द्या आणि नवा शोधा.